मुक्ता, तुझा प्रश्न कागदावर आण

20 ऑगस्ट

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. नितीन शनिवारी पुण्याला जातोय, त्याच्याकडे हे पत्र आणि भाजणीचा डबा देते. डबा परत पाठव, तो आजींचा आहे.

गणपतीला येणार नाही म्हणून तडकून निघालीस, ते मी धरलेलं नाही. बाबांनीही धरलं नसावं, कारण कालपासून ते मखराचं सामान माळ्यावरून काढताहेत आणि दिव्याची माळ लागते का बघताहेत. ती माळ तुझ्याशिवाय कोणी लावत नाही. तू 15 तारखेच्या ग्रामसभेत पाण्याबद्दल बोललीस याचा त्यांना राग नाही. भरल्या सभेत तू एकटीच उभी राहिलीस आणि मागून कोणी 'हो' म्हणालं नाही, ते त्यांना बघवलं नाही. 'तुला शिकायला पाठवलंय' हे त्यांचं वाक्य मात्र नको होतं. ते मी त्यांना सांगितलंय.

प्रश्न बरोबर होता. टाकी शेवटची कधी धुतली आणि टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची, नोंद कोण ठेवतं, हे विचारायलाच हवं होतं. पावसाळ्यात तर हवंच, मागच्या वर्षी नाना त्या जुलाबांनी किती खंगले ते तू पाहिलंस. पण इतिवृत्तात तुझ्या प्रश्नाचं काय झालं ते वाच: 'ऐनवेळचे विषय: गावातील पाणीपुरवठ्याबाबत चर्चा झाली.' बस. तुझं नाव नाही, प्रश्न नाही, उत्तर नाही. तोंडी बोललेलं सभेबरोबर उठून जातं. माझी सगळी नोकरी आवक-जावक नोंदवहीशेजारी गेली, म्हणून हे ठामपणे सांगते: कागदावर क्रमांक पडेपर्यंत सरकारी दप्तरात काहीही घडलेलं नसतं.

तर आता 2 ऑक्टोबरच्या सभेची तयारी. साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. नोटीस निघाली की विषयपत्रिका ठरली, म्हणून तुझा अर्ज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचायला हवा. अर्ज दोन प्रतींत करायचा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. 'ठेवून जा, घेतो नंतर' असं म्हणाले तर ठेवून यायचं नाही, पोच मिळेपर्यंत तिथेच बसायचं. तरी घेतलाच नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचा आणि पावती जपायची. अर्जात एकच विषय, एकच मागणी: 'पाण्याची टाकी दर किती दिवसांनी धुवायची, टीसीएल कोणी, किती आणि केव्हा टाकायचं व त्याची नोंदवही कुठे पाहायला मिळेल, याबाबत ठराव घेण्यात यावा.' रस्ता, दिवाबत्ती, शाळेची भिंत त्यात घालू नकोस. पाच मागण्यांच्या अर्जातली सोपी मागणी मान्य होते आणि बाकीच्या चार तिच्या आड जातात.

ठराव मांडायला सूचक लागतो तसा अनुमोदक लागतो. त्याशिवाय ठराव पुढे जात नाही. म्हणजे 15 तारखेला तुझ्याबरोबर निदान अजून एक जण तयार असायला हवा होता. सभेच्या आधी चार घरं फिरली असतीस तर सुमनकाकू उभ्या राहिल्या असत्या, त्यांच्या नळाला तर गढूळच येतं. वंदनाताई आशा सेविका म्हणून काम करतात, जुलाबाचे रुग्ण कुठल्या आळीत निघाले हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारलं होतंस का? एकटीने उठू नकोस एवढंच माझं म्हणणं आहे.

गणपूर्तीचंही बघून ठेव. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आपल्याकडे मतदार चौदाशेच्या आसपास, 15 टक्के म्हणजे 210, म्हणून 100 पुरतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. म्हणजे मूळ विषयपत्रिकेत तुझा विषय नसेल तर तहकूब सभेत तो येणारच नाही. पुष्कळ जण हजेरी पुस्तकात सही करून झेंड्यासमोरचा चहा घेऊन निघून जातात, आणि कुठे कुठे सह्या नंतर घरोघरी फिरवून घेतात. म्हणून सभा संपली की तिथल्या तिथे इतिवृत्त वाचून दाखवा असं म्हणायचं, ठराव क्रमांक आणि सूचक-अनुमोदकांची नावं उतरवून घ्यायची. वाद घालायचा नाही. 'एकदा वाचून दाखवता का' एवढंच, शांतपणे.

आणि त्याआधी महिला ग्रामसभा असते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचीच असते, तरी कित्येक गावांत ती कागदावरच होते. पाण्याचा विषय तिथे पहिल्यांदा मांड. बायकांनी एकमुखाने केलेला ठराव दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत वाचायला निघाला की त्याला 'ही पोर काय सांगते' असं कोणी म्हणत नाही.

आता पाण्याचं. सभेत 'पाणी खराब आहे' म्हणालीस. कशावरून? समोरचा हेच विचारणार आणि तुझ्याकडे उत्तर नसेल तर हसणार. म्हणून आधी मोजायचं. जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावचं पाणी सोडणाऱ्याकडे, ओटीची (क्लोरीन तपासायच्या द्रावणाची) बाटली आणि काचेची नळी असते, क्लोरोस्कोप म्हणतात तो. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, नळी खुणेपर्यंत भरायची, बाटलीवर लिहिलेले असतील तेवढेच थेंब घालायचे, हलवायची आणि लगेच पांढऱ्या कागदासमोर धरायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. जितका रंग गडद तितकं जास्त. रंगच आला नाही तर त्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही. उशिरा बघितलं तर रंग चढत जातो, म्हणून लगेच बघायचं. ते द्रावण हाताला लागू द्यायचं नाही आणि तपासलेलं पाणी ओतून टाकायचं.

टाकीजवळच्या नळाला पिवळं आलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. मागच्या आळीतला सगळ्यात शेवटचा नळ बघायचा. तिथे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. जवळ आहे आणि शेवटी नाही, तर बहुधा वाटेत कुठेतरी पाइप फुटलाय किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलंय. आपल्याकडे पाणी दिवसाआड सुटतं. पाइप रिकामा असताना तो त्या खड्ड्यातलं आत ओढून घेतो, आणि पाणी सुटलं की पहिल्या बादलीत ते तुमच्या घरी येतं. टाकी कितीही धुतली तरी हे थांबत नाही. म्हणून टाकी, व्हॉल्व्ह, शेवटचा नळ अशा तीन जागांची वही कर. तारीख, वेळ, जागा, रंग आला की नाही, सोबत कोण होतं. पंधरा दिवस झाले की तीच वही सभेत उघडायची. हसायचं असेल त्याने मग वहीला हसावं.

टीसीएलचा हिशोबही तुला यायला हवा. आपल्या भागात धरतात ते प्रमाण 1000 लिटरला 5 ग्रॅम. टाकी 50 हजार लिटरची, म्हणजे 250 ग्रॅम. कोरडी पावडर वरून टाकीत भिरकावायची नाही. आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करायची, मग बादलीत पाणी घालून ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि गाळ फेकून द्यायचा. त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाणी सोडायचं नाही. चूक बहुतेक इथेच होते. सकाळी पाणी सोडायची वेळ झालेली असते, पावडर पडते आणि पाचव्या मिनिटाला व्हॉल्व्ह उघडतो. दुसरी चूक गोणीची. तोंड उघडी गोणी पंपघराच्या ओल्या फरशीवर महिनाभर पडली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग 250 ग्रॅम टाकूनही नळी पांढरीच राहते. जलसुरक्षकावर लगेच ओरडू नकोस. त्याला तुटपुंजं मानधन मिळतं, तेही वेळेवर नाही, आणि गोणी कुठे ठेवायची हे तो ठरवत नाही.

पैसे नाहीत असं उत्तर आलं तर हे लक्षात ठेव. पंधराव्या वित्त आयोगाच्या, 2021 ते 2026 या काळासाठीच्या, ग्रामपंचायतीच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो. आरोग्य खात्याकडून वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्याला कोणतं मिळालंय ते वंदनाताईंना विचार. पिवळं असेल तर अर्धं काम तिथेच झालं, कारण कारणं त्यांनीच लिहून ठेवलेली असतात.

लेक्चर झालं. माफ कर. बाबा मला म्हणतात, 'तू नोकरीतून निवृत्त होशील पण आवाजातून नाही.'

माहितीच्या अधिकाराचं तू जाताना बोललीस, 'सगळं उघडं पाडते' म्हणालीस. त्यावर मी गप्प राहिले, आता सांगते. अर्ज जरूर कर, पण उघडं पाडायला नको. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 दप्तर बघू द्यावं असं शासनाने 2018 साली काढलेलं परिपत्रक आहे. आधी जाऊन वही बघ. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. नाही दाखवली तर जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. 'टाकी का धुतली जात नाही?' असं विचारलंस तर 'माहिती उपलब्ध नाही' असं कायदेशीर उत्तर येईल, कारण अधिकाऱ्याने द्यायची असते ती दप्तरात असलेली माहिती, खुलासा नाही. त्याऐवजी लिही: '1 एप्रिल ते 31 जुलै या कालावधीतील टीसीएल खरेदीची बिले, साठा नोंदवही, टाकी धुतल्याच्या नोंदी व ओटी तपासणी नोंदवही यांच्या छायाप्रती मिळाव्यात.' प्रत पानाला 2 रुपये. माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती नाही, कोणी विचारलं तरी सांगू नकोस. 30 दिवसांत उत्तर. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील पंचायत समितीत, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोग, पण तिथल्या तारखा लांबतात, तिथपर्यंत न जाता सुटेल असंच बघ. तारखा मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. चांगले चांगले अर्ज मुदत उलटली म्हणून वाया जातात.

आणि अर्ज तुझ्या एकटीच्या नावाने नको. एक तुझा, एक सुमनकाकूंचा, एक कॉलेजातल्या त्या दोघांपैकी कोणाचा. आलेलं उत्तर त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचं, म्हणजे ते एका माणसाच्या कपाटात राहत नाही. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. 2010 च्या जानेवारीत तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टी सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांची हत्या झाली. माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढणारा माणूस. त्यानंतर राज्यात इतर ठिकाणीही अर्ज करणाऱ्यांवर हल्ले झाले. टीसीएलच्या गोणीवरून कोणी कोणाच्या अंगावर येत नाही, हे मला कळतं. पण आज टीसीएल आहे, दोन वर्षांनी नदीच्या वाळूवर जाशील. तू थांबणाऱ्यातली नाहीस. चौथीत बालमंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होतीस, तेव्हा नखं वाढलेल्यांची यादी करायचीस आणि मधल्या सुट्टीत स्वतःच्या नेलकटरने सगळ्यांची नखं कापत बसायचीस. गुरुजींनी सांगितलं होतं फक्त यादी करायला. मी तेव्हा ते सगळ्यांना सांगत फिरले होते. आता तेच आठवलं की पोटात गोळा येतो.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)बद्दल वाच. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळे सांगतात, पण त्यामागची मेहनत कोणी सांगत नाही. तिथे ग्रामसभेखेरीज अभ्यास गट असतो. त्यात फक्त समजून घ्यायचं, निर्णय करायचा नाही. कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, शंका विचारायच्या. निर्णय नंतर ग्रामसभेत, सगळ्यांच्या संमतीने, आणि एकाचंही पटलं नसेल तर विषय पुन्हा चर्चेला. वनहक्क कायदा 2006 चा. मेंढ्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा मिळून हक्क, मिळाला 2009 साली, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. 2011 साली जयराम रमेश केंद्रात पर्यावरणमंत्री असताना गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क मिळाल्यानंतरही दोन वर्षं गेली, पण अख्खं गाव एकत्र टिकून होतं, कोणी एकजण लढत नव्हता. तुझ्या वयाच्या मुलांनी तिथून घ्यायचा तो अभ्यास गट. पाच जणी चालतील. आठवड्यातून एकदा, वही समोर ठेवून.

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) तासांचं विचारलं होतंस. दोन वर्षांत 240 तास भरायचे आणि सात दिवसांचं शिबिर. बहुतेक ठिकाणी ते तास झाडू हातात धरून फोटो काढण्यात जातात, आणि मुलांना वाटतं गावासाठी काम म्हणजे एवढंच. तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचार, शिबिराच्या गावात शेवटच्या नळांची ओटी तपासणी करता येईल का. पन्नास मुलांकडून सात दिवसांत अख्खं गाव तपासून होईल, आणि प्रत्येकाला एक नळी हातात धरायला मिळेल. कचरा उचलणं वाईट नाही, पण दुसऱ्या दिवशी तो परत पडतो आणि का पडतो हे कोणी विचारत नाही.

शेवटचं आणि घाईचं. कॉलेजात मतदार नोंदणीवाले येऊन गेले, फॉर्म भरायचाय असं तू नितीनला म्हणालीस. थांब. तुझं नाव आधीच गावच्या यादीत आहे. नमुना 6 पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. तू तो परत भरलास तर नाव दोन ठिकाणी येईल, ते कायद्यात बसत नाही, आणि खोटं प्रतिज्ञापन ठरलं तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मुलं हे अजाणता करतात. पत्ता बदलायचा असेल तर नमुना 8. पण तो भरलास की गावच्या यादीतून नाव जातं, आणि नाव गेलं की तू ग्रामसभेची सदस्य राहत नाहीस. सभेत उभी राहायला गेलीस तर कोणीही म्हणेल, तुमचा इथे संबंध काय. विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव ठेवता येतं तसं घरच्या पत्त्यावरही. कुठे ठेवायचं ते तू ठरव. पुण्यात राहणार असशील, तिथल्या वॉर्डातलं पाणी आणि कचरा तुझा होणार असेल, तर तिथे घाल आणि तिथल्या नगरसेवकाला प्रश्न विचार. मला काही वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. ज्या मैत्रिणींची नावं कुठेच नाहीत त्यांना मात्र आजच नमुना 6 भरायला लाव. आता अठरा पूर्ण झाल्यावर 1 जानेवारीसाठी वर्षभर थांबावं लागत नाही. 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या तारखाही धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो.

ओटीची बाटली इथून पाठवत नाही, गळेल. वंदनाताईंनी वही आखून दिलीय, डब्याच्या पिशवीत खाली आहे. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंय, आणि खाली सुमनकाकूंनी. तिसरी ओळ मोकळी आहे. कधी येतेस ते कळव, म्हणजे त्या दिवशी सकाळी पाणी सुटायच्या आधी मागच्या आळीत जाता येईल. बाबा म्हणाले, ते टॉर्च घेऊन येतील.

तुझी
आई